थंडी सांडून राह्यली ना जी!

फ्रीजकाका तुमच्याही कॉलनीत आहेत. नाव वेगळं असेल, बनियन तेच. यवतमाळचे फ्रीजकाका आर्णी रोडच्या अंगाला राहतात, पेन्शन खातात आणि कुणाकडे गेले की देवघराआधी फ्रीजचं दर्शन घेतात.

बाकीच्या खोड्या चालून जातील. खरी खोड मोजण्याची. कुणी फ्रीजचं दार उघडलं, की काका असतील तिथून आकडे सुरू. "एक… दोन… तीन…" वहिनी कोथिंबीर शोधत असतात. "सात… आठ…" घाईत हाताला मेथी लागते. "बारा! वैनी, थंडी सांडून राह्यली ना जी पायावर!"

एका घरी मुलगी पाहायला मंडळी आली होती. सरबताचा बर्फ काढायला मुलगी आत गेली आणि बैठकीत ऐन देण्याघेण्याच्या नाजूक वळणावर काका पुटपुटू लागले, "बारा… तेरा… चौदा…" मुलाचे वडील एकदम खुलले. "नाही नाही, आम्हाला कशाला काही? तुम्ही हौसेनं द्याल तेच!" तेवढ्यात आतून दार लागल्याचा आवाज आला आणि काकांचा आकडा चौदावरच थांबला. वडिलांना तो थोडा पुढे जायला हवा होता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

काका रबरही तपासतात. दहाची नोट दाराच्या फटीत धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडली तर रबर चांगलं, सुळकन निघाली तर थंडी रात्रंदिवस गळतेय. परीक्षा बिनचूक आहे. नोट मात्र यजमानांची असते आणि ती परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

लोक कितीही कंटाळले तरी विचारायला त्यांच्याचकडे जातात. गरम भाजी आत ठेवायची का? पसरट भांड्यात काढा, वाफ गेली की लगेच आत. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, हा जगाचा नियम. हवा बत्तीस अंशांच्या वर गेली की एकच तास. "आन् आपल्याकडं होळीपासून मिरगापर्यंत बत्तीस सापडते कुठं?" असं म्हणून ते खिडकीतून बेचाळीस अंशांकडे बोट दाखवतात. दूध दारातल्या कप्प्यात ठेवू नका, फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा तीच. (कंपन्या बाटलीचा कप्पा नेमका तिथेच देतात, त्यावर त्यांचं वेगळं व्याख्यान आहे.) बटाटा आत नको, थंडीत त्याच्या पिठाची साखर होते आणि तळला की काळपट पडतो. टोमॅटोची चव मरते. आत चार अंश, फ्रीझरमध्ये उणे अठरा. चीड येते ती याचीच, की माणूस एकदाही चुकत नाही.

उभ्या फ्रीजवर मात्र त्यांचा जन्मजात राग आहे. थंड हवा जड, ती खाली बसते. दार समोर असलं, की उघडल्याबरोबर ती सरळ पायांवर ओतली जाते. झाकण वर असलं तर जागची हलत नाही. गोदरेजने 1958 साली देशी फ्रीज काढला तेव्हा आपल्याला का विचारलं नाही, हे त्यांचं खासगी दुःख आहे.

हा राग आला कुठून, ते कॉलनीला बऱ्याच उशिरा कळलं. काका झरी जामणी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माते होते. लसींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात. तो वरच्या झाकणाचा, पेटीसारखा आडवा, भिंतीत बर्फाचं अस्तर असलेला. आतलं तापमान दोन ते आठ अंश. त्याची नोंद दिवसातून दोनदा, रविवारी आणि दिवाळीलासुद्धा. जास्त तापलं तर लस वाया, आणि धनुर्वाताची लस गोठली तरी वाया. भारनियमनाच्या वर्षांत लाईन जायची ती येण्याची बोली न करता. काका रात्री टॉर्च घेऊन जायचे, पण झाकण उघडायचं धाडस करायचे नाहीत. बाहेरून हात लावून बसायचे. पोलिओ रविवारच्या पहाटे चार बर्फपेट्यांचा डबा भरायचा तो मोजत, म्हणजे झाकण उघडं राहायला नको. एकेका कुपीवरचा चौकोन निरखायचे. बाहेरच्या वर्तुळाइतका तो गडद झाला असेल तर कुपी बाद. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याजवळ सापडला. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा सत्कार मोठमोठ्यांचे झाले, ते योग्यच. झाकणावर हात ठेवून बसणाऱ्यांसाठी शाली शिल्लक नव्हत्या.

गेल्या मे महिन्यात रात्री साडेनऊला कॉलनीची डीपी जळाली. घरोघर माणसं काळजीने फ्रीज उघडून पाहू लागली, म्हणजे नेमकं करायला नको ते करू लागली. काका बनियनवर रस्त्यात उतरले. "हात लावू नका! बंद फ्रीज चार तास दम धरते!" दीड वाजेपर्यंत ते गल्लीभर फिरत राहिले. मग एकेका घरचं दार स्वतः उघडलं, मोजून. आधी दूध उकळायला लावलं. आंब्याचा रस पोरांना वाढला. कोपऱ्यातल्या घरातल्या आजींचं इन्सुलिन प्लॅस्टिकच्या डबीत घालून त्यांनी आपल्या अंगणात नेलं. तिथे मोठ्या कुंडीत ओली रेती, रेतीत छोटं मडकं, वर ओलं फडकं. भारनियमन संपून इतकी वर्षं झाली, तरी ती रेती ते रोज संध्याकाळी भिजवत होते. झाडाशिवायच्या कुंडीला हा माणूस पाणी का घालतो, यावर कॉलनीने पोटभर हसून घेतलेलं होतं.

त्या रात्री कुणी हसलं नाही. उलट "काकाजी, बसा ना जी" म्हणत तीन घरांतून खुर्च्या आल्या.

काका बसले नाहीत. सगळ्या घरांचं दही एका गंजात जमा करून त्यांनी अडीच वाजता कढी करायला लावली. गल्ली अंधारात भुरके मारत होती. काकांनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि टॉर्च एकेकाच्या चेहऱ्यावर फिरवायला सुरुवात केली. कुणाचं तरी दही जास्त आंबट होतं, म्हणजे ते दारातल्या कप्प्यात ठेवलेलं होतं, आणि ते कुणाचं हे कळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.