कोण धरून बसलंय?

येलदरीच्या वीजघरातून रिटायर झालेले मामा एसटीनं जिंतूरला येतात ते बाजाराला. पण एखाद्या कार्यालयाच्या सर्व्हरवर न निघणारं फोल्डर अडलं, की पिशवी खुर्चीला अडकवून तिथंच बसतात.

आम्ही पोरं डिलीटचं बटण बडवत असतो. मामा मागून म्हणतात, "कामून मारायलाव तिला? फाइल हट्टी नस्ती बाबा. कोणतरी धरून बसलेलं आस्तंय."

मग टेबलांची फेरी. कुणाच्या मशीनवर काय उघडं आहे ते सर्व्हरवर बसल्या जागी दिसतं, हे मामांना माहीत आहे. पण चालत गेलं की चहा मिळतो. तिसऱ्या टेबलावर एक्सेल उघडी ठेवून साहेब जेवायला गेलेले असतात. वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच. संच बंद करताना आधी पूर्णेचं पाणी कुठून येतंय ते बघायचं, ही मामांची जुनी सवय इथंही चालते.

परवाचं फोल्डर मात्र कुणीच धरलेलं नव्हतं. आत 'अंतिम', त्यात 'अंतिम सुधारित', त्यात 'खरंच अंतिम'. वरच्या फोल्डरला कुणीतरी मागाहून निविदेचं अख्खं शीर्षक चिकटवलेलं. विंडोजचा जुना नियम, सगळा पत्ता 260 अक्षरांत बसला पाहिजे. मामांनी बोटांवर मोजलं, "अंतिम. तुला तीन दिसायलेत. मशीन पाच मोजतंय. अनुस्वार येगळा, वेलांटी येगळी." मग वरच्या फोल्डरचं नाव नुसतं 'अ' केलं, त्याखालच्याचंही 'अ'. पत्ता आखडला आणि सगळं मुकाट्यानं निघालं.

एकदा लिनक्सवरून आलेलं 'सी-ओ-एन' नावाचं फोल्डर होतं. कुणी तरी काँट्रॅक्टरचं लघुरूप केलेलं. विंडोजनं हे नाव डॉसच्या काळापासून स्वतःसाठी राखून ठेवलंय, त्यामुळे ते त्या फोल्डरला हात लावेना. "पाटलाच्या खुर्चीत बसलंय," एवढं म्हणून मामांनी लिनक्सवरच जाऊन ते उडवलं. बेरकी माणूस.

एक खोड आहे. पुसण्याआधी मामा सगळं स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेतात. "उद्या साहेब मागतील म्हणून." तो पेन ड्राइव्ह घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. तालुक्यातल्या कितीतरी 'खरंच अंतिम' फायली तिथं सुखानं नांदत असतील.

परवा निघताना म्हणाले, "याच्यापेक्षा मोठा घेऊन ठेव. हा भरला."

"मामा, यातलं जुनं काढून टाका की!"

मामांनी जुडगा हातात तोलला, पेन ड्राइव्हचं टोपण घट्ट बसवलं. "काढलं आस्तं रे. पण निघंना," म्हणाले आणि येलदरीच्या गाडीकडे चालू लागले.