कोगनोळीपेक्षा बँकॉक बरं!

परदेशी जायला डॉलर मागितले की बँक विचारते, प्रयोजन काय? रिझर्व्ह बँकेने उत्तरांचे क्रमांकसुद्धा लावून ठेवलेत. तीर्थयात्रेला ०३०३, औषधोपचाराला ०३०४, शिक्षणाला ०३०५. मौजेची सहल आणि क्रेडिट कार्डाची बिलं मात्र ०३०६, ‘इतर प्रवास’. २०२४-२५ साली भारतीयांनी बाहेर धाडलेल्या सुमारे साडेएकोणतीस अब्ज डॉलरपैकी जवळजवळ सतरा अब्ज प्रवासावर गेले. शिकायला तीन अब्जही नाहीत, उपचारांवर तर चिल्लर. म्हणजे देश आजारी नाही, अडाणीही नाही, नुसता हिंडतोय.

आम्हा बेळगाव-निपाणीच्या सीमाभागवाल्यांसाठी यात आणखी रकाने हवेत. ‘टिळकवाडीतली साडूची मंडळी बालीला जाऊन आली म्हणून’, हा पहिला. ‘व्याह्यांना फोटो पाठवण्यासाठी’, हा दुसरा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही, तरी कुणाचं अडत नाही. गोवा गाठायचा नाहीतर बेंगळुरू.

पूर्वी निपाणीत तंबाखूचे पैसे हातात पडले की गडी सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर गाठायचा. अंबाबाईचं दर्शन, एखादा पिक्चर, तांबडा-पांढरा, रात्री घरी. आता त्याच गड्याचा नातू थायलंडला जातो, आणि त्याचं गणित चुकत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांना कर्नाटकाकडून ‘बेळगावात येऊ नका’ असा निरोप गेला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. वर्षही उलटलं नाही तोच थायलंडने तमाम भारतीयांना व्हिसा माफ केला. आता सांगा ओ, परका मुलूख कुठला?

आणखी एक गंमत. २००४ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली. त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. डॉलरची मर्यादा वाढत गेली, २०१३ साली रुपया घसरला तेव्हा ७५ हजारांवर कापली गेली, पुन्हा चढली आणि अडीच लाखांवर टेकली. दहापट! दावा मात्र दिल्लीत आहे तिथंच बसून आहे. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाच्या न पुढे, न मागे. इकडे दर १ नोव्हेंबरला बेळगावात एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिवस. दोन्हीकडचे कार्यकर्ते दिवाळीच्या सुट्टीत मात्र दुबईच्या एकाच मॉलमध्ये सेल्फी काढताना सापडतात.

तेव्हा आमची एक सूचना. दाव्याची पुढची तारीख पट्टायाला लावून बघावी. दोन्ही राज्यांचे मंत्री सहकुटुंब हजर राहतील.