एक पक्ष, दोन अध्यक्ष

"काकू, बाल्कनीच्या पार्टिशनवर इतक्या रेलू नका. आग लागली तर फोडायचं असतं ते!"

"असू दे गं. काल शिरोकानेदाईची ती हाप्पोएन बाग पाहिली. कुण्या बड्या आसामीचा बंगला होता म्हणे."

"कुहारा फुसानोसुकेचा. तांब्याच्या खाणींचा मालक. त्याच्याच खाणीच्या दुरुस्ती कारखान्यातून हिताची कंपनी निघाली. आणि अध्यक्षपदाच्या भांडणात जपानच्या सेइयुकाई पक्षाची दोन शकलं झाली, त्यातलाही एक अध्यक्ष हाच."

"दोन शकलं? नीट सांग बाई."

"१९३७च्या फेब्रुवारीत अध्यक्ष सुझुकी पायउतार झाले. वारस ठरेना, म्हणून चौघांची समिती नेमली. जुलैत चीनशी युद्ध पेटलं, तरी यांची ओढाताण चालूच. चौघांत एक नाकाजिमा चिकुहेई. नौदल सोडून त्याने विमानांचा कारखाना काढलेला. तुमच्या मुलाची सुबारू आहे ना, ती कंपनी त्याच कारखान्याची वारस."

"म्हणजे पैशाला तोटा नाही."

"छे! आणि विमानं घेणार कोण? लष्करच. दुसरा हातोयामा इचिरो. त्यालाही खुर्ची हवी होती, पण जमेना. मग नाकाजिमाला अडवायला त्याने कुहाराला पुढे केलं."

"शहाणाच की!"

"३० एप्रिल १९३९ला नाकाजिमाला त्याच्या गटाने अध्यक्ष केलं. आदल्याच दिवशी कलकत्त्यात सुभाषबाबूंनी काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं होतं, निवडून आलेले असूनही. मे महिन्यात इकडे कुहाराही अध्यक्ष! दोघंही म्हणणार, खरी सेइयुकाई आमचीच."

"शिवसेना, राष्ट्रवादी... चिन्हासाठी कोर्टात नाही गेले?"

"तेवढी फुरसत कुठे? आणि गंमत बघा, धोरणात म्हणावा असा फरकच नव्हता. लष्कराला अंगावर घेण्याची तयारी दोघांचीही नाही. कुहारा तर उघड म्हणायचा, देशात एकच पक्ष असावा."

"अगं, मग स्वतःच्या पक्षाचं अध्यक्षपद हवं कशाला त्याला? मोडायला?"

"तसंच झालं. १९००मध्ये इतो हिरोबुमींनी काढलेला पक्ष. १९३७च्या निवडणुकीत १७५ जण निवडून आलेले. जुलै १९४०मध्ये पंधरवड्याच्या आत दोन्ही गट विसर्जित. ऑक्टोबरात पंतप्रधान कोनोएंची एकच संघटना उभी राहिली. मला विचाराल तर लष्कराने पक्ष मारले हे अर्धंच खरं, दार आतून उघडलेलं होतं."

"आणि तो हातोयामा?"

"तो तरला. १९५४मध्ये पंतप्रधान झाला, १९५६मध्ये आजच्या सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा पहिला अध्यक्ष. सेइयुकाईचा मात्र कधीच झाला नाही."