बर्फाचे खेळ आसनगावलाही दिसू द्या

जर्मनीत हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी टीव्ही लावला की बर्फ सुरू होतो. १ जानेवारीला गार्मिश-पार्टेनकिर्शेनची स्की जंपिंग, मग आठवड्यामागून आठवडे बायथलॉन. एआरडी आणि झेडडीएफ या तिथल्या सार्वजनिक वाहिन्या. घरटी महिन्याला १८ युरोंहून थोडी जास्त वर्गणी घेतात आणि त्या पैशात हे खेळ तासन् तास दाखवतात. म्युनिकला लेकीकडे हिवाळा काढताना मी ते पाहिले आणि त्यात पुरता गुंतलो.

ठाणे जिल्ह्यातल्या आसनगावला परतल्यावर माझ्या टीव्हीवर यातलं काहीच येत नाही. चौकशी केली की ठरलेलं उत्तर मिळतं: आपल्याकडे बर्फ नाही, आपल्या लोकांना त्यातलं काय कळणार?

हे उत्तर मला साफ अमान्य आहे.

बायथलॉन कळायला बर्फ लागत नाही. पायात स्की, पाठीवर रायफल. काही किलोमीटर जीव तोडून जायचं आणि छाती धपापत असतानाच ५० मीटरवरच्या पाच लक्ष्यांवर नेम धरायचा. नेम चुकला की बहुतेक शर्यतींत दर चुकीला १५० मीटरची दंडाची फेरी. झाला खेळ समजून! ती रायफल .२२ची असते. याच अंतरावर, याच कॅलिबरच्या रायफलने कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. आसनगावकर रोज ज्या कसारा लोकलने कामावर जातात, ती याच मध्य रेल्वेची. स्वप्नीलचा नेम ज्यांना कळला, त्यांना बायथलॉन कळणार नाही असं कोणी ठरवलं?

दुसरं उत्तर तयार असतं: लोक बघत नाहीत, म्हणून दाखवत नाही. कबड्डी आठवा. ठाणे जिल्ह्याच्या गावागावांत मंडळांचे सामने पिढ्यान् पिढ्या होत आले, पण टीव्हीवर तिला ठरलेली वेळ नव्हती. २०१४मध्ये प्रो कबड्डी पडद्यावर आली आणि तोच खेळ घराघरात रोज संध्याकाळी पाहिला जाऊ लागला. चढाई तीच, पकड तीच. फरक दाखवण्याने पडला.

आता आपल्याच माणसांचं बघा. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. गलवानच्या संघर्षातल्या आपल्या अधिकाऱ्याला चीनने त्या ऑलिंपिकची मशाल धरायला दिली. म्हणून भारताने उद्घाटन आणि समारोपावर राजनैतिक बहिष्कार टाकला आणि दूरदर्शननेही दोन्ही सोहळे थेट दाखवले नाहीत. तो निषेध योग्यच होता. पण उद्घाटनाच्या सोहळ्यात तिरंगा आरिफच्या हातात होता. पुढे दाट हिमवर्षावात झालेल्या जायंट स्लॅलममध्ये कित्येक जण शर्यतीबाहेर गेले. आरिफने ती पूर्ण केली आणि ४५वा आला. अशा माणसाची शर्यत गावागावांत थांबून पाहिली जायला हवी होती. आसनगाव स्टेशनबाहेर उभं राहून आरिफचं नाव विचारा. किती जणांना सांगता येईल?

त्याच्या आधी मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन १९९८पासून २०१८पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. ल्यूज, म्हणजे छोट्याशा घसरगाडीवर उताणं झोपून बर्फाच्या नळीतून सुसाट जायचं. देशात तसा ट्रॅक नव्हता, म्हणून त्याने गाडीला चाकं लावली आणि हिमालयातल्या चालू रस्त्यांवर, ट्रकांच्या बाजूने सराव केला. अशी कारकीर्द दुसऱ्या देशात शाळेच्या पुस्तकात गेली असती.

महाराष्ट्रही यात कोरा नाही. ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा २०२०मध्ये लेह आणि गुलमर्गला सुरू झाल्या. तिथे लेहच्या बर्फावर आपल्या राज्याच्या स्केटिंगपटूंनी पदकं मिळवली आहेत. चाकांच्या स्केटवर शिकलेली मुलं बर्फावर उतरतात, वेगळं पातं, वेगळा तोल नव्याने शिकतात आणि जिंकतात.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती शहापूर-मुरबाडच्या पोरांची. माहुली किल्ल्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची ठाकूर, कातकरी, वारली मुलं रोज चढ-उतार तुडवतात. मे २०१८मध्ये ‘मिशन शौर्य’त चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचं शिखर गाठलं. त्यांच्या जिल्ह्यातही बर्फ पडत नाही. त्यांना कोणीतरी डोंगर दाखवला, प्रशिक्षण दिलं, विश्वास ठेवला. शहापूरलाही आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, दमदार पाय आहेत. ज्या मुलाने स्की कधी पाहिलीच नाही, तो स्कीपटू व्हायचं ठरवणार तरी कसं?

वेळेचीही अडचण नाही. इटली हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. २०२६चं हिवाळी ऑलिंपिक तिथलं, मिलान-कोर्टिनाचं, ६ ते २२ फेब्रुवारीचं. तिथे सकाळी दहाला सुरू होणारी शर्यत इथे दुपारी अडीचची, आणि तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. शाळा सुटलेली, माणसं लोकलमधून घरी येत असलेली. २०३०चे खेळ फ्रेंच आल्प्समध्ये आहेत. तिथेही हेच घड्याळ.

तेव्हा प्रसार भारतीकडे माझी सरळ मागणी आहे. हिवाळी ऑलिंपिकमधल्या भारतीय खेळाडूची प्रत्येक शर्यत डीडी स्पोर्ट्सवर थेट दाखवा. डीडी फ्री डिशवर ती पाड्यावरच्या घरातही महिन्याचा पैसा न भरता पोचेल. सह्याद्री वाहिनीवर तीच शर्यत मराठी समालोचनासह द्या. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत घरोघरी पोचवलं. बर्फावरच्या शर्यतीलाही आपली भाषा पुरून उरेल. आश्रमशाळांनी त्या दिवशी मुलांना टीव्हीसमोर बसवावं आणि शिक्षकांनी नियम समजावून सांगावेत.

आणि वाचकहो, तुमची लेकरं म्युनिकला, ऑस्लोला, टोरांटोला असतील तर त्यांच्याकडे गेल्यावर हे खेळ जरूर बघा. पण परत आल्यावर गप्प बसू नका. प्रसार भारतीला पत्र लिहा, आपल्या खासदाराला विचारा. मागणी करणारे दिसल्याशिवाय कुठलीही वाहिनी जागची हलत नाही.