बांगड्याचं जोरीम

कोरियन मालिका लेक बघते, भूक मात्र मला लागते. त्यातली माणसं रडता रडता मध्येच लालभडक रश्श्यातला मासा भाताबरोबर हाणतात. या प्रकाराला सेंगसन जोरीम म्हणतात, हे कळल्यावर मी आधी अभ्यासाला बसलो. एखादी गोष्ट करण्याआधी तिच्याबद्दल वाचत बसण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. सोलच्या नामदेमुन बाजारात गल्ची-जोरीमच्या खाणावळींची आख्खी गल्ली आहे. गल्ची म्हणजे आपल्या वाकटीची भावकी. समुद्रापासून लांब असलेल्या आंडोंगला तिथला बांगडा खारवूनच पोचायचा, आणि पुढे तो खाराच नावाजला. ही माहिती मी घरभर वाटली. मुक्कामाला आलेल्या मालवणच्या सासूबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पण मासे साफ कोण करणार, जावईबापू?"

कोळणीने करून दिले.

जोरीमचा खरा मानकरी मासा नव्हे, मुळा. त्याचे जाडजूड तुकडे तळाशी पसरायचे, ते अर्धेकच्चे शिजले की वर मासा. मुळ्यामुळे मासा बुडाला लागत नाही, शिवाय तो सगळा रस पिऊन बसतो. जाणकार आधी त्यावरच हात मारतात. कोरियन मुळा आखूड, दणकट, गोडसर. मला मंडईत मिळाला तो सडपातळ आणि उग्र. त्याच्या मी कोशिंबिरीला शोभतील अशा नाजूक चकत्या केल्या. उकळी फुटताच त्यांनी मान टाकली आणि बांगडा थेट बुडाशी जाऊन बसला. (वास जिन्यात पोचल्याचं शेजारणीने कळवलं.)

मग तिखट. गोचुगारू ही कोरियन मिरचीची भरड रंगाने भडक, स्वभावाने मवाळ, म्हणून ती मोठे दोन-तीन चमचे घालतात. तिच्या पाकिटावरची किंमत वाचून मी तत्काळ स्वदेशी झालो आणि डब्यातलं संकेश्वरीचं तिखट काढलं. चमचे मात्र तीनच ठेवले. पाककृतीशी बेइमानी नको!

सोया सॉस पडला होताच, पण मिठाशिवाय मासा शिजवणं माझ्या संस्कारात बसेना. चव घेतली, बेताची लागली, आणखी घातलं. जोरीम आटवायचं असतं. पाणी आटतं आणि मीठ मागे राहतं, हे शाळेत मिठागराच्या धड्यात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

बुडाशी करपल्याचा वास आला तशी मी पळी घातली. सासूबाई धावल्या. "अहो, मासा ढवळतात का! टोप धरून हलवा." कोरियातही ढवळत नाहीत, चमच्याने रस वरून सोडत राहतात. हे त्यांना मीच सकाळी सुनावलं होतं. तोवर बांगडा आणि त्याचे काटे यांनी वेगळा संसार मांडला होता.

पानं वाढली. लेकीने वाडग्यात डोकावून मुकाट्याने नूडल्सना पाणी ठेवलं. सासूबाईंनी घास घेतला, पदराने डोळे टिपले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चव ओळखीची आहे हो. खारा बांगडा ना? थोडा वेळ भिजत घालायचात आधी."

नामदेमुन हुकलं तरी आंडोंग गाठलं, असं मी त्यांना ऐकवणार होतो. पण संकेश्वरीने जीभ जागेवर ठेवली नव्हती.