तांदळाची पदवी

आमच्या फ्लॅट स्कीमचा जिना चढताना दारांवरच्या पाट्या वाचत गेलं की तिसऱ्या मजल्यावर विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचून संपतं. एम.ई., एम.टेक., पीएच.डी.; एका दारावर तर ‘एलएल.बी. (प्रथम वर्ष)’. माझ्या पाटीवर नुसतंच एम.ए. आहे. विषय मराठी असं लिहिलं की लोक अर्ज लिहून मागतात.

मे महिन्यात, म्हणजे नागपूरच्या माणसाला पाण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही अशा दिवसांत, खालच्या टाकीवरचा पंप फिरायचा, पण वर थेंब चढेना. तातडीने बैठक बसली. एम.ई. साहेबांनी बर्नोलीचं समीकरण मांडलं. एम.टेक.ना व्होल्टेजचा संशय. अर्थशास्त्राचे डॉक्टर म्हणाले, हा मुळात मागणी-पुरवठ्याचा प्रश्न आहे. आणि ते चूक आहे असंही कोणाला म्हणता येईना. चहा येईपर्यंत तीन पक्की निदानं झाली. पंपापाशी मात्र कोणी गेलं नव्हतं. तिथे पाल होती.

मिस्त्री आला तेव्हा सगळ्यांनी एकदम विचारलं, काय झालं असेल?

“पाहून सांगतो जी.”

हा मुद्दा बैठकीत आलाच नव्हता. त्याने पंपावर हात ठेवला, कान लावला. “हवा ओढून राहिला जी. फूटव्हॉल्व्ह पाहा लागते.” पाइप वर काढला, तर व्हॉल्व्हच्या झडपेत खर्ऱ्याची पन्नी. झडप मिटत नव्हती; पंप थांबला की पाइपातलं पाणी टाकीत उतरायचं आणि पुन्हा सुरू केला की तो हवा घुसळत बसायचा. पन्नी काढली, पंपात वरून पाणी भरलं, बटण दाबलं. पाणी चढलं. “मी हेच म्हणत होतो, फक्त सूत्रात,” एम.ई. साहेब म्हणाले.

आम्ही सगळे जेवतो तो एचएमटी तांदूळही असाच पाहून सांगणाऱ्याचा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. 1983 साली धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात पेरल्या, पुन्हा निवडल्या, असं वर्षानुवर्षं. बारीक दाण्याचा वाण निघाला आणि त्या काळी मनगटा-मनगटावर असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं. पुढे कृषी विद्यापीठाने तो शुद्ध करून 1998 मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून आणला. श्रेयावरून व्हायचा तो वाद झाला. पण बघा, तांदळालाही शेवटी अक्षरं लागलीच! आमची नावामागे असतात, त्याची पुढे लागली. दादाजींनी 2018 मध्ये जाईपर्यंत नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न असे आणखी वाण निवडले. त्यांच्या दारावर पाटी होती का, ठाऊक नाही. बांधीत तरी कोणी विचारली नसणार.

मिस्त्रीला मात्र आम्ही विचारली. बिलाच्या आधी सेक्रेटरींनी फॉर्म पुढे केला. त्यात ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना. तो पेन धरून बसला असताना कोणीतरी टाकीच्या बंद पडलेल्या सेन्सरचंही विचारून घेतलं.

“ते मला नाही येत जी. दुसरा माणूस देतो.”

एम.टेक. चरकले. असं वाक्य उघड्यावर, तेही पैसे मिळायच्या आधी!

रकाना कोरा ठेवला तर ऑडिटर हरकत घेईल म्हणून एम.ई. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘अनुभवी (पडताळणी बाकी)’. तोवर वरची टाकी भरून पाणी जिन्याने खाली येऊ लागलं होतं, आणि पंप नेमका कोणी बंद करायचा यावर डॉक्टरांनी मतं मागवायला घेतली होती.