ठासणीचे वारस

नाना अलिबागच्या कचेरीत शिरले की पट्टेवाला त्यांना ‘काय काम आहे?’ असं विचारत नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो आणि म्हणतो, “अरे, मंगळवार आला वाटतं.”

पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला आणि काखेत रेक्झिनची पिशवी. पिशवीचा एक बंद तुटून तिथे सुतळी आली आहे. बाकावर गर्दी असेल तर नाना ती पिशवी हातात घेऊन शांतपणे उभे राहतात. शेजारचा कोणीतरी विचारतोच, “काय आहे हो एवढं जड?” नाना म्हणतात, “बंदूक.” तो माणूस उठतो. नाना बसतात.

माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. सातबाऱ्यावर आमच्या आजोबांच्या नावातला एक काना सुटला होता, तो लावून घ्यायला मी आलो होतो. नाना बसले, मी उठलो, आणि मग त्यांनीच मला हाताला धरून खाली बसवलं. “बसा हो. आत नुसते कागद आहेत. बंदूक आठ वर्षांमागे पाहिली तेवढीच.”

माणसं वारस होतात, तशी स्वभावाने बदलतात. घराचा वारस भांडतो. जमिनीचा वारस मोजणी आणतो. सोन्याचा वारस गप्प बसतो. बंदुकीचा वारस मात्र वाट बघतो. रायगड जिल्ह्यात तालुक्याला एक तरी असा नाना सापडेल. नाव, गाव वेगळं असेल, पिशवी हीच.

बंदूक तरी केवढी! एकनळी, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घाला, काथ्याचा बोळा कोंबा, गजाने ठासा, छर्रे सोडा, पुन्हा बोळा, पुन्हा ठासा, मागे केप बसवा आणि मग चाप ओढा. एवढं होईपर्यंत डुक्कर जेवून, ढेकर देऊन, बांधापलीकडे गेलेलं असतं. सागरगडाच्या पायथ्याला नानांची भातखाचरं आणि थोडी वाडी आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरांचे कळप उतरतात आणि एका रात्रीत खाचराचं अंगण करतात. त्यासाठी वडिलांनी पीक संरक्षणाचा परवाना काढला होता. त्यांनी जन्मात एकही डुक्कर मारलं नाही. मारायला वनखात्याची परवानगी निराळी लागते, आणि हवेत काढलेल्या बारावर काम भागायचं.

“डुकरापेक्षा शेजारी जास्त घाबरायचे,” नाना सांगतात. “बाबा होते तोवर आमचा बांध एक वीतभर सरकला नाही.”

२०१६ साली नवे शस्त्र नियम आले. त्यांत एक चांगली सोय होती. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली, की हयातीतच ते वारसाच्या नावे करायला अर्ज करता येतो. वडील तेव्हा ऐंशी ओलांडलेले. एक अट मागितली तर त्यांच्याकडे दोन होत्या. “मी आहे तोवर होऊन जाऊ दे,” असं म्हणून त्यांनी २०१७ साली अर्ज दिला.

अर्ज तीन महिन्यांनी त्रुटी लावून परत आला. ‘परवानाधारक हयात असल्याचा दाखला जोडावा.’ म्हातारा स्वतः काठी टेकत टेबलासमोर जाऊन उभा राहिला. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि अदबीने सांगितलं, “आजोबा, तुम्ही दिसताय हो मला. पण तुम्हाला फाइलला कसं लावू?” मग ग्रामपंचायतीचा दाखला काढला. तो दाखला टपालातून टेबलावर आणि टेबलावरून वरच्या टेबलावर पोचला, त्याच आठवड्यात वडील गेले. म्हणजे जो कागद मिळेपर्यंत खरा होता, तो बघेपर्यंत खोटा झाला.

आता प्रकरण ‘हयातीतील’ राहिलं नाही, ‘मृत्युपश्चात’ झालं. नवा अर्ज. माणूस गेला की आत्मा नवं शरीर घेतो म्हणतात. फाइल नवा आवक क्रमांक घेते.

परवानाधारक गेल्यावर बंदूक घरात ठेवणं गुन्हा. तेराव्याच्या आत नानांनी ती चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात नेली, जमा केली, पावती घेतली. तेव्हापासून ती तिथल्या खोलीत आहे. एका बाजूला गावठी दारूचे कॅन, दुसऱ्या बाजूला चोरीच्या मोटारसायकली. “चाळीस वर्षं सरळमार्गी राहिली,” नाना हळहळतात, “आणि म्हातारपणी काय संगत लागली बघा.” पावसाळ्याआधी ते खोबरेल तेलाची बाटली घेऊन ठाण्यात जातात. हवालदार बाटली घेतो, बंदुकीला हात लावू देत नाही. तेल कुठे जातं हे नाना विचारत नाहीत, पण हवालदाराचे केस चांगले आहेत असं सांगतात.

मग कागद सुरू झाले. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ अ, चारित्र्य पडताळणी, प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांची ना हरकत. नानांच्या दोन बहिणी, एक पनवेलला, एक डोंबिवलीला. पनवेलच्या ताईने दारातच सही केली. डोंबिवलीची आक्का लहानपणी बाराच्या आवाजाने खाटेखाली शिरायची. तिने पेन हातात धरलं आणि तिचे डोळे भरले. “बाबांची एकच आठवण ती. मला नको रे, पण आधी विचारायचंस तरी.” तिला विचारायला नाना तिसऱ्यांदा डोंबिवलीला गेले, तेव्हा सोबत पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा होत्या. सही झाली.

शरीर-मनाने धडधाकट असल्याचा डॉक्टरी दाखलाही लागतो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, मग विचारलं, “किती वर्षं खेपा घालताय?” नाना म्हणाले, “तीन.” डॉक्टर म्हणाले, “मग डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आजच घेऊन जा. पुढच्या वर्षी मला लिहिता येईल असं वाटत नाही.” हत्यार सुरक्षित हाताळायच्या प्रशिक्षणाला गेले, तर शिकवणारा मुलगा पंचविशीचा. त्याने ठासणीची बंदूक फक्त चित्रात पाहिलेली. शेवटी नानांनी त्याला शिकवलं आणि त्याने नानांना शिकल्याचा दाखला दिला.

खरी गाठ बसली ती आकड्यावर. आता देशभरातले परवाने संगणकाच्या एकाच यादीत चढतात आणि प्रत्येकाला युआयएन नावाचा क्रमांक मिळतो. तो मिळायला बंदुकीवरचा क्रमांक आणि नोंदवहीतला क्रमांक जुळावा लागतो. नळीवर शेवटचा आकडा इंग्रजीत 1. जुन्या वहीत कोण्या कारकुनाने बोरूच्या झोकात काढलेला देवनागरी १. त्याची शेपटी जरा जास्त वळली होती. संगणकावर नोंद करणाऱ्याने तो ९ वाचला. एका शेपटीमुळे नानांच्या वडिलांकडे आता दोन बंदुका झाल्या. एक ठाण्यात होती आणि नोंदीत नव्हती. दुसरी नोंदीत होती आणि जगात नव्हती. रावसाहेबांनी फाइलवर शेरा मारला, ‘दुसऱ्या शस्त्राचा खुलासा घ्यावा.’ नसलेली बंदूक नसल्याचं प्रतिज्ञापत्र नानांनी दिलं. ती कधीच नव्हती हे सिद्ध करायला पंचनामा झाला. पंचांनी घरात सगळीकडे पाहिलं आणि ती नसल्याची खात्री करून चहा घेतला.

एवढं होऊनही नाना कायद्यावर चिडत नाहीत. १९५९ चा शस्त्र अधिनियम त्यांना आरतीसारखा पाठ आहे. पोलिसांनी अहवाल तीस दिवसांत द्यावा, अहवाल आल्यावर साठ दिवसांत निर्णय व्हावा, हे नियमात आहे ते बोटावर मोजून दाखवतात. “तीस अधिक साठ, नव्वद. नियम चुकीचा नाही. फक्त ते दिवस ब्रह्मदेवाचे आहेत, एवढं छापायचं राहिलंय.” एकदा मी म्हटलं, नाना, शेवटी हत्यार आहे, चौकशी हवीच. ते लगेच म्हणाले, “कोणाच्याही हातात बंदूक पडू नये, हे मला मान्य आहे. पण कोणाच्याच हातात पडू नये, हा कुठला नियम?”

दीड वाजता साहेब जेवायला उठतात. नाना समुद्रावर जातात. वाळूत बसून भाकरी, सुकट आणि कांदा. आमच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा नानांना अभिमान आहे आणि थोडा मत्सरही. “कांद्याचे कागद झाले बघा.” ओहोटी असली तर ते चालत कुलाबा किल्ल्यात जातात. तिथे तटावर गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर कारखान्याचं नाव, यॉर्कशायर हा पत्ता, १८४९ हे साल, सगळं ओतीव अक्षरांत. नाना त्यांच्याकडे डोळे भरून बघतात. “काय कागदपत्रं आहेत हो! एक त्रुटी काढता येणार नाही. आणि यांना परवाना विचारत नाही कोणी.”

तिथेच बसून एकदा त्यांनी मला अलिबागचा इतिहास सांगितला. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या समुद्रातून जायचं तर गलबताला त्यांचं दस्तक लागायचं. इंग्रजांनी ते मानलं नाही, म्हणून त्यांची गलबतं धरली गेली. “म्हणजे परवान्याची शिस्त अलिबागला नवी नाही,” नाना म्हणाले. “आणि वारसाची अडचणही नवी नाही. रघूजी आंग्रे गेले, मागे तान्हं मूल होतं, तेही गेलं. दत्तक घ्यायची परवानगी मागितली. कंपनी सरकारनं नाही म्हटलं आणि १८४० साली संस्थान खालसा केलं.”

मी म्हटलं, “म्हणजे अन्यायच झाला.”

“अन्याय झाला. पण दोन वर्षांत झाला! त्यांनी ‘नाही’ तरी म्हटलं. मला कोणी लेखी नाही म्हणालं, तर आयुक्तांकडे अपील करता येतं. मला नकारही मिळत नाही.”

निवडणूक आली की नानांच्या घरी शिपाई येतो. २०२४ साली दोनदा आला. मे महिन्यातल्या लोकसभेआधी आणि नोव्हेंबरातल्या विधानसभेआधी. नोटीस वडिलांच्या नावे, ‘आपल्याकडील शस्त्र तात्काळ ठाण्यात जमा करावे.’ नाना नोटीस घेऊन ठाण्यात गेले.

“बंदूक जमा करायला आलोय.”

“कुठंय?”

“तुमच्या मागच्या खोलीत.”

हवालदाराने विचार केला. “मग जमा झाली म्हणा की. पावती आहे?” नानांनी २०१८ ची पावती काढली. “ही जुनी. या निवडणुकीची नवी घ्यावी लागेल.” त्यांनी घेतली. निकालानंतर ‘शस्त्र परत घेऊन जावे’ असं पत्रही वडिलांच्या नावे आलं. ते दाखवून नानांनी बंदूक मागितली, तर हवालदार म्हणाला, “तुम्ही कुठे परवानाधारक आहात?”

हळूहळू नानांचा बाकावर दरबार भरू लागला. पेणचा एक मुलगा वडिलांची दुनळी मागायला आला होता. नानांनी त्याला अर्जाचा नमुना दिला, जोडपत्रांचा क्रम सांगितला, मुख्य म्हणजे सगळे आकडे अक्षरांतही लिहून दे म्हणाले. मुलाचं काम सव्वा वर्षात झालं. तो पेढे घेऊन आला. नानांनी पेढा खाल्ला, पेढ्याचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. माझाही काना त्यांनीच लावून दिला. आता मला कचेरीत काम नाही, पण मंगळवारी मी जातो.

घरी नाना रात्री खाचराच्या माळ्यावर बसून रिकामा पत्र्याचा डबा बडवतात. पहिल्या वर्षी डुकरं पळाली. आता ती डबा वाजला की जेवण वाढलं असं समजतात. नाना सदुसष्टचे आहेत. “तीन वर्षांनी परवाना आला, तर त्याच दिवशी मुलाच्या नावचा अर्ज देता येईल. सत्तरीची अट बसते.” मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो, त्याला डुक्कर आणि बंदूक दोन्ही खेळातच माहीत. नानांनी त्याचा अर्ज भरून ठेवला आहे. तारीख कोरी.

गेल्या मंगळवारी नाना आले ते पिशवी छातीशी धरून. पत्र आलं होतं. अर्जाबद्दलचं, आठ वर्षांत पहिलंच. आम्ही बाकावर बसून उघडलं. वरती वडिलांचं नाव. खाली लिहिलं होतं, ‘आपण मूळ परवान्यासह समक्ष उपस्थित राहावे. अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून प्रकरण निकाली काढण्यात येईल.’

नानांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

“त्यांचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “बाबांना आता काही सांगायचं नाही. पण मला आहे.”

आणि त्यांनी सुतळी सोडून पिशवीतून कोरा कागद काढला, माझ्याकडे पेन मागितलं, आणि वर डाव्या बाजूला तारीख टाकली. आधी आकड्यांत, मग अक्षरांत.